‘बाई, इंजिनाला किती बूस्ट झेपंल?’ या प्रश्नाचं उत्तर आपण द्यायला हवं



आज निबंध नाही, पाठही नाही. आज थोडं मनातलं लिहिते. विषय वाचून तुम्हाला वाटेल, प्राथमिक शाळेच्या बाईंचा आणि गाडीच्या टर्बोचा काय संबंध? मलाही दीड वर्षापूर्वी असंच वाटलं होतं, आणि तिथंच माझी चूक झाली.

माझा एक जुना विद्यार्थी आहे. चौथीत माझ्या वर्गात होता. गणितात बरा आणि प्रश्न विचारण्यात पहिला. बारावीनंतर त्यानं जुनी डिझेल गाडी घेतली आणि भाड्यानं चालवायला लागला. लग्नाची वऱ्हाडं, दवाखान्याच्या फेऱ्या, पुण्या-मुंबईची भाडी. पतसंस्थेचा हप्ता आणि घर दोन्ही त्या गाडीवर. एके दिवशी शाळेसमोर गाडी थांबवून आत आला, पाया पडला आणि म्हणाला, “बाई, एक विचारू का? कंपनी इंजिन मुद्दाम दाबून ठेवती म्हणत्यात. लॅपटॉप लावून टर्बोचा बूस्ट वाढवून मिळतोय. पण किती वाढवला तर इंजिनाला झेपंल?”

मी काय म्हणाले असेन? “अरे, नसते उद्योग कशाला? आहे ती गाडी नीट चालव. आणि मला बाईला गाडीतलं काय कळतंय?” तो हसला, चहा घेतला आणि गेला. ज्या प्रश्नाचं उत्तर बाईंनी दिलं नाही, ते त्याला मोबाईलनं दिलं.

वीस-बावीस हजार देऊन एका ठिकाणी त्यानं गाडी ‘रिमॅप’ करून घेतली. ७५ अश्वशक्तीचे १०५ करून देतो, असं त्याला सांगितलं होतं. चार महिने गाडी खरंच पळाली. मग क्लच सटकायला लागला, मागून काळा धूर यायला लागला. मे महिन्यात पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन घाट चढताना एक मोठा आवाज झाला आणि गाडी जागेवर थांबली. इंजिन उघडलं तर एका पिस्टनचं डोकं वितळून भोक पडलेलं. दुरुस्तीचा आकडा ऐंशी हजारांच्या पुढं गेला. गाडी अडीच महिने उभी, हप्ते मात्र चालू. सुदैवानं माणसांना काही झालं नाही.

दोष इंजिनाचा नव्हता. दोष त्या पोराचाच होता, असंही मी म्हणणार नाही. त्यानं योग्य प्रश्न योग्य वेळी विचारला होता, आणि उत्तर द्यायला कुणी नव्हतं. त्यानंतर मी हा विषय समजून घेतला. माझे दीर रांजणगाव एमआयडीसीत नोकरीला आहेत, त्यांच्याकडून आणि गावातल्या मिस्त्रींकडून बरंच शिकले. हे सगळं आपल्या तिसरी ते आठवीच्या गणित-विज्ञानातलंच निघालं! म्हणून तुमच्यासमोर मांडते.

टर्बो म्हणजे काय?

इंजिनात इंधन जळायला हवा लागते. जेवढी जास्त हवा, तेवढं जास्त इंधन जाळता येतं आणि तेवढी जास्त ताकद. साधं इंजिन आपल्या श्वासापुरती हवा ओढून घेतं. टर्बो ती हवा दाबून आत भरतो. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो, त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा ताजी हवा दाबतो. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरनं १९०५ साली या कल्पनेचं पेटंट घेतलं. आजच्या लहान गाड्यांमधला हा पंखा मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेऊ शकतो.

आपल्या भोवतीच्या हवेचा दाब समुद्रसपाटीला साधारण १ बार, म्हणजे १४.७ पीएसआय असतो. टर्बो त्याच्यावर जो जादा दाब देतो, तो बूस्ट. १ बार बूस्ट म्हणजे इंजिनाकडे जाणारी हवा जवळजवळ दुप्पट दाबाची झाली.

मग हवाही दुप्पट झाली का? इथंच पहिली फसगत आहे. सायकलला पंपानं हवा भरताना पंपाचं खालचं टोक गरम होतं, हे आपल्या प्रत्येक विद्यार्थ्यानं हाताला चटका बसून अनुभवलेलं असतं. दाबली की हवा तापते. ३० अंशाची हवा दुप्पट दाबाला नेली आणि कॉम्प्रेसर ७० टक्के कार्यक्षम धरला, तर ती साधारण १२५ अंशांपर्यंत तापते. तापलेली हवा फुगते. म्हणून दाब दुप्पट झाला तरी हवा भरते दीडपटच. त्यासाठी मध्ये इंटरकूलर बसवतात, म्हणजे तापलेली हवा गार करायची जाळी. बूस्ट वाढवला आणि इंटरकूलर तोच ठेवला, तर वाढवलेल्या दाबातला बराचसा भाग नुसता उष्णता होऊन बसतो.

‘किती पीएसआय?’ हा प्रश्नच अपुरा आहे

नळाला पाईप लावून टोकावर बोट दाबलं की दाब वाढतो, पण बादली लवकर भरत नाही. बूस्टचा काटा हा असा दाब दाखवतो, आत किती हवा गेली ते दाखवत नाही. छोट्या टर्बोचा १ बार आणि मोठ्या टर्बोचा १ बार यांत हवेचं वजन सारखं नसतं. म्हणून ‘अमक्याच्या गाडीला २० पीएसआय चालला, मग माझ्या गाडीला का नाही’ हे गणित चुकीचं आहे.

दुसरं म्हणजे, इंजिन बूस्टनं फुटत नाही. फुटतं ते सिलिंडरच्या आतल्या स्फोटाच्या दाबानं आणि उष्णतेनं. हे दोन्ही इंधन किती जळलं आणि कधी पेटलं यावर ठरतं.

माझ्या विद्यार्थ्याच्या गाडीतलं इंजिन एका काळी निम्म्या देशात फिरत होतं. फियाटचं १.३ मल्टिजेट, १२४८ सीसी. २००७ साली ते आपल्याकडे स्विफ्टमध्ये आलं, पुढं टाटाच्या आणि फियाटच्या गाड्यांतही दिसलं. आपल्या रांजणगावातही ते तयार होत होतं. त्याच्या पिस्टनचा व्यास ६९.६ मिलिमीटर, म्हणजे आमटीच्या वाटीएवढा. आता सातवी-आठवीच्या मुलांना घालता येईल असं उदाहरण बघा. पिस्टनच्या डोक्याचं क्षेत्रफळ साधारण ३८ चौरस सेंटिमीटर. स्फोटाचा दाब १५० बार धरला, तर त्या वाटीएवढ्या जागेवर किती वजन पडलं? जवळजवळ ५,८०० किलो! मातीनं भरलेला टेम्पो वाटीवर उभा केल्यासारखं. आणि हे इंजिनाचे २,००० फेरे असताना प्रत्येक पिस्टनवर मिनिटाला हजार वेळा होतं. हाच दाब १९० बार झाला, तर वजन ७,४०० किलोच्या आसपास जातं. पिस्टन तोच, कनेक्टिंग रॉड तोच, हेड गॅस्केट तेच. वाढलं ते फक्त ओझं.

डिझेलमध्ये आणखी एक गोष्ट आहे. नुसती हवा वाढवली आणि इंधन तेवढंच ठेवलं, तर इंजिन उलट गार राहतं. ताकद हवी म्हणून इंधन वाढवतात, ते हवेच्या मानानं जास्त झालं की काळा धूर येतो आणि धुराचं तापमान चढतं. पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो. लांब चढावर इंजिन मिनिटामागून मिनिटं पूर्ण ताकदीनं चाललं की त्याचं डोकं मऊ पडतं. आमच्या पोराच्या गाडीत हेच झालं. काळा धूर ही सूचना होती. त्याला वाटलं, ‘गाडी पॉवर टाकतीय’.

पेट्रोलचं दुखणं वेगळं. तिथं ठिणगीनंतर कोपऱ्यात उरलेलं मिश्रण दाबानं आणि उष्णतेनं आपोआपच भडकतं. त्याला नॉकिंग म्हणतात. पिस्टनवर हातोडी मारल्यासारखे घाव बसतात. टर्बो नसलेल्या आजच्या पेट्रोल इंजिनात हवा-इंधनाचं मिश्रण आधीच दहा-अकरा पट आवळलेलं असतं. त्याला बाहेरून टर्बो लावायचा, तर जाणकारांचा ढोबळ ठोकताळा ५ ते ७ पीएसआयचा, म्हणजे ०.३५ ते ०.५ बारचा आहे. तोही इंधनाची आणि ठिणगीची वेळ नीट जुळवली तर, आणि पेट्रोल चांगल्या ऑक्टेनचं असेल तर. कंपनीतूनच टर्बो घेऊन आलेल्या इंजिनाला जास्त चालतं, कारण त्याचं पिस्टन, तेलाचे फवारे, कूलिंग सगळं आधीच त्या हिशोबानं केलेलं असतं.

‘पण त्या सुप्राचं काय?’

मुलं हे विचारतातच. २००१ च्या ‘फास्ट अँड फ्युरियस’ चित्रपटातली केशरी सुप्रा सगळ्यांना पाठ आहे. टोयोटाचं ते टूजेझेड इंजिन खरंच दणकट. जपानमध्ये कागदावर २८० अश्वशक्ती, आणि हौशी लोक आतले भाग न बदलता त्याच्या दुपटीच्या वर नेतात. पण का नेता येतं, हे व्हिडिओत सांगत नाहीत. ते तीन लिटरचं, सहा सिलिंडरचं, बिडाच्या जाड ठोकळ्याचं इंजिन आहे. कॉम्प्रेशन ८.५ इतकं कमी ठेवलेलं. त्या काळी जपानी कंपन्यांनी आपसांत ठरवून २८० चा आकडा ओलांडायचा नाही, असं पाळलं होतं. म्हणजे तिथं शिल्लक खरोखरच मोठी होती. आपल्या सव्वा लिटरच्या, मायलेजसाठी हलक्या केलेल्या इंजिनाला त्या पंगतीत बसवणं म्हणजे बैलजोडीचं ओझं शेळीवर लादणं.

‘कंपनी ताकद दाबून ठेवते’ हे खरं का?

अर्धं खरं आहे, आणि अर्धसत्यच पोरांना फसवतं.

याच १.३ मल्टिजेटचे दोन प्रकार होते. एक ७५ अश्वशक्तीचा, १९० न्यूटन मीटर टॉर्कचा. दुसरा ९० अश्वशक्तीचा, मारुतीच्या गाड्यांत २०० न्यूटन मीटरचा. लोक म्हणतात, “बघा, कंपनीनं दाबून ठेवलेलीच होती की ताकद!” पण आकडे नीट वाचा. शक्ती ७५ वरून ९०, म्हणजे २० टक्के वाढ. टॉर्क १९० वरून २००, म्हणजे जेमतेम ५ टक्के. आणि एवढ्यासाठीही कंपनीनं टर्बो बदलून पाती हलणारा वेगळा टर्बो बसवला. ज्यांच्याकडे प्रयोगशाळा आहेत, इंजिनं फुटेपर्यंत चालवून बघायची सोय आहे, त्यांनी टॉर्क ५ टक्क्यांवर धरून ठेवला. कारण पिस्टन-रॉड-क्लचवर सगळ्यात मोठा घाव कमी फेऱ्यांच्या जादा टॉर्कचा बसतो. आणि लॅपटॉपवाल्यानं आमच्या पोराला सांगितलं, टॉर्क १९० चा २५० करतो. म्हणजे ३२ टक्के, त्याच टर्बोवर, त्याच क्लचवर. शेकडेवारीचं इतकं चांगलं शाब्दिक उदाहरण मला कुठल्या स्वाध्यायात सापडलं नाही.

मग कंपनी जी शिल्लक ठेवते, ती कशासाठी? मेच्या उन्हासाठी. घाटासाठी. महाबळेश्वर साडेचार हजार फुटांवर आहे, तिथं हवेचा दाबच ०.८६ बारच्या आसपास असतो. तेवढाच दाब भरायला टर्बोला जास्त वेगानं फिरावं लागतं. भेसळीच्या इंधनासाठी, दोन हजार किलोमीटर उशिरा बदललेल्या तेलासाठी, धुळीनं भरलेल्या एअर फिल्टरसाठी. ती न वापरलेली ताकद नव्हे. घरात अडीनडीला बाजूला ठेवलेले पैसे असतात ना, तशी ती आहे. ते पैसे सणाला उडवले तर त्या दिवशी काही बिघडत नाही. आजारपण आलं की कळतं.

आणि ‘चार महिने काही झालं नाही’ याचंही उत्तर वर्गात देता येतं. लोखंडी तार घ्या, पुन्हा पुन्हा वाकवा. पहिल्यांदा तुटत नाही, पाचव्यांदा नाही. मग कधीतरी पट्कन तुटते. शेवटच्या वेळी जोर जास्त लावलेला नसतो. आधीच्या प्रत्येक वाकण्यानं ती आतून थकलेली असते. इंजिनाचे भाग असेच थकतात.

माझं मत

मग किती बूस्ट झेपेल? माझं उत्तर असं. इंजिनाला तेवढंच झेपतं जेवढं त्याच्या सगळ्यात कमजोर भागाला, सगळ्यात वाईट दिवशी झेपतं. सपाट रस्त्यावर, थंडीत, एकट्यानं घेतलेल्या फेरीत काय झेपलं, ते उत्तर नव्हे. ज्या गाडीवर घर चालतं, तिला कंपनीनं दिलेला बूस्ट हाच शेवटचा आकडा समजा. टर्बो नसलेल्या रोजच्या गाडीला बाहेरून टर्बो लावायच्या भानगडीत पडू नका. कायद्याचंही लक्षात घ्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत कंपनीच्या मूळ रचनेशी न जुळणारे बदल करायला मनाई करतं. अपघात झाला तर विमा कंपनी आधी हेच विचारेल.

याचा अर्थ इंजिनाची हौस म्हणजे पाप, असं मी म्हणत नाही. ज्याला खरंच शिकायचंय त्यानं आयटीआय, डिप्लोमा करावा. वेगळी गाडी, घडीव पिस्टन, मोठा इंटरकूलर, धुराचं तापमान दाखवणारा काटा घेऊन, रस्त्यावर नाही तर ट्रॅकवर, मोजून मापून करावं. मोजल्याशिवाय केलेला प्रयोग हा प्रयोग नसतो, जुगार असतो. हे वाक्य विज्ञानाच्या तासालाही चालेल.

आणि शिक्षक मित्रांनो, खरं मत तर पुढचं आहे. मुलं ‘अभ्यासाबाहेरचं’ विचारतात तेव्हा आपण दोन उत्तरं देतो. ‘नसते उद्योग करू नको’ आणि ‘ते आपल्याला नाही’. दोन्ही मी दिली होती. त्या दिवशी मी एवढं जरी म्हटलं असतं की, “मला माहीत नाही रे, पण ये रविवारी, दोघं मिळून हिशोब करू,” तरी शेकडेवारीचं एक गणित त्याला थांबवायला पुरेसं होतं. ३२ आणि ५ हे आकडे शेजारी शेजारी लिहिले असते, तर तो हुशार पोरगा स्वतःच म्हणाला असता, “बाई, हे काय खरं नाही.”

पालकहो, तुमच्या मुलाच्या मोबाईलमध्ये गाड्यांचे व्हिडिओ असतील तर ओरडू नका. शेजारी बसा आणि तीन प्रश्न विचारायला शिकवा. हा आकडा मोजला कुणी? किती दिवस चालवून बघितलं? आणि बिघडलं तर पैसे कुणाचे जाणार? या तीन प्रश्नांनी निम्मे व्हिडिओ आपोआप बंद होतील.

आमच्या पोरानं गाडी दुरुस्त करून मूळ सेटिंगवर आणली. आता ती ७५ चीच आहे. मागच्या महिन्यात तो शाळेत आला, तेव्हा मी त्याला वर्गात उभं केलं. वितळलेला पिस्टन त्यानं जपून ठेवलाय. तो मुलांच्या हातातून फिरला. एका मुलीनं त्या भोकात बोट घालून विचारलं, “दादा, हे एका दिवसात झालं?” तो माझ्याकडं बघून म्हणाला, “नाही गं. चार महिने होत होतं. मला दिसत नव्हतं.”

तो पिस्टन आता आमच्या विज्ञान कोपऱ्यात आहे, तार आणि सायकलच्या पंपाशेजारी. तुमच्या शाळेजवळच्या गॅरेजमध्येही असे जुने भाग पडलेले असतील. मिस्त्रींना विचारा, आनंदानं देतील. आणि एखाद्या मुलानं असा अवघड प्रश्न विचारला तर त्याला दारातून परत पाठवू नका. उत्तर येत नसेल तर त्याच्याबरोबर शोधा.